मुलगा मागवला होता, मुलगी आली : ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९८५) पाहताना

आडवळण

आजी, आईबाप आणि शाळकरी मुले यांना एकत्र बसून पाहता येईल असा चित्रपट शोधता शोधता गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’पाशी येऊन थांबलो. ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांच्या १९०८ सालच्या कादंबरीवर केविन सलिव्हन यांनी केलेला हा चित्रपट कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर डिसेंबर १९८५ मध्ये दोन भागांत दाखवला गेला. तो तीन तासांहून मोठा आहे, त्यामुळे एका बैठकीत संपत नाही आणि संपवूही नये.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर ‘ग्रीन गेबल्स’ नावाच्या घरात मॅथ्यू आणि मॅरिला कथबर्ट ही उतारवयाची, अविवाहित भावंडे शेती करून राहतात. मॅथ्यूचे हृदय साथ देत नाही आणि कामाला गडी मिळत नाही, म्हणून ती दोघे अनाथाश्रमातून दहा-अकरा वर्षांचा मुलगा मागवतात. निरोपात कुठेतरी घोटाळा होतो आणि स्थानकावर लाल वेण्यांची, किडकिडीत, अखंड बोलणारी मुलगी, ॲन, येऊन बसते. बायकामाणसांशी बोलताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते त्या मॅथ्यूला तिला ‘चूक झाली आहे’ एवढेही सांगता येत नाही, आणि तो तिला मुकाट्याने गाडीत घालून घरी आणतो.

या चित्रपटाकडे आपण ‘अनाथ मुलीला घर मिळते’ अशी गोष्ट म्हणून पाहतो. मलाही लहानपणी तो तसाच दिसला होता. या वेळी मात्र माझे लक्ष सारखे मॅरिलाकडे जात होते. कॉलीन ड्यूहर्स्ट यांनी ती भूमिका केली आहे. ओठ घट्ट मिटलेले, आवाज घोगरा, हात सतत कशात तरी गुंतलेले. मुलीच्या एखाद्या वाक्यावर हसू फुटू लागले की ती पाठ फिरवून चुलीकडे वळते. ॲनला आयुष्यातली पहिली प्रार्थना करायला लावल्यावर ती पोर देवाशी बोलून झाल्यावर पत्राचा मायना पूर्ण करावा तसा शेवट करते. आपल्याकडे ‘कळावे, आपली नम्र’ म्हणावे, तसा. त्या क्षणी मॅरिलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते करुणेपेक्षा भीतीच्या जवळचे आहे, कारण आपल्या हातात काय आले आहे हे तिला तेव्हा प्रथम कळते. ॲनला प्रेम करता येतेच, ते तिला कोणी शिकवावे लागत नाही. शिकायचे आहे ते मॅरिलाला, आणि तेही अशा वयात की ज्या वयात माणसे आपल्या सवयींनाच आपला स्वभाव समजू लागतात.

कादंबरीतला एक प्रसंग यासाठी मुद्दाम नोंदवतो. मुलीला परत करण्यासाठी मॅरिला गाडीतून निघाली आहे आणि वाटेत तिला तिची कहाणी विचारते आहे. आईवडील तापाने गेले तेव्हा ही तीन महिन्यांची होती. मग आधी एका घरी आणि नंतर जुळ्यांच्या तीन जोड्या असलेल्या दुसऱ्या घरी तिने मुले सांभाळली. त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागल्या का, असे मॅरिला विचारते. मुलगी लाल होते, अडखळते, आणि त्यांच्या मनात तरी चांगले वागायचे असावे अशा अर्थाचे काहीतरी सांगते. मॅरिला पुढे एकही प्रश्न विचारत नाही. माझ्या मते या गोष्टीतले दत्तकविधान तिथेच होते. पुढची सगळी पाने आणि चित्रपटाचे उरलेले अडीच-तीन तास हे त्याला घरच्यांनी हळूहळू दिलेले अनुमोदन आहे.

इथल्या वाचकांनी हा चित्रपट मुलांबरोबर पाहिला असल्यास त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

तळघरातला_ग्रंथपाल

धागा आवडला. ‘मुलगा मागवला’ हा शब्दप्रयोग आज कानाला खटकतो, पण त्या काळाच्या मानाने तो अगदी नेमका आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

१८६९ पासून पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधून एक लाखाहून अधिक मुले जहाजाने कॅनडात पाठवली गेली. त्यांतली सगळी अनाथ नव्हती. पुष्कळांचे आई किंवा वडील हयात होते, केवळ गरिबीने त्यांच्या हातून मूल सुटले होते. मुले बहुधा शेतमजूर म्हणून आणि मुली घरकामाला जात. काहींना चांगली घरे मिळाली, पण अनेकांच्या वाट्याला गोठ्यातले अंथरूण आणि मार आला. कादंबरीत मॅथ्यू आधी अशाच एका ‘बर्नार्डो’ (म्हणजे बर्नार्डो संस्थेने ब्रिटनमधून पाठवलेल्या) मुलाचे नाव काढतो, आणि मॅरिला ते उडवून लावते, कारण तिला निदान कॅनडात जन्मलेला मुलगा हवा असतो. शेजारीण रेचेल लिंड अनाथ मुलांनी घर पेटवल्याच्या आणि विहिरीत विष कालवल्याच्या कहाण्या सांगते, तोही लेखिकेचा कल्पनाविलास नव्हे. परक्या मुलांविषयी गावागावांत असेच बोलले जात होते. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० मध्ये या मुलांची जाहीर माफी मागितली आणि कॅनडाने ते वर्ष त्यांच्या स्मरणार्थ पाळले.

चित्रपटात याचा उच्चार फारसा होत नाही, पण मिसेस ब्लूएट नावाची जी बाई ॲनला कामासाठी घेऊन जायला तयार असते, तिच्या रूपाने तो सगळा इतिहास दोन मिनिटे पडद्यावर येऊन उभा राहतो. ती मुलीला न्याहाळते ती बाजारात जनावर पाहावे तशी. मॅरिलाने ॲनला परत आणले नसते तर काय झाले असते, हे दिग्दर्शकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक. लेखिकेच्या जुन्या टिपणवहीत एक ओळ होती : वयस्कर जोडपे आश्रमाकडे मुलगा मागते आणि चुकून मुलगी येते. तीच पुढे कादंबरी झाली. माँटगोमेरी स्वतः २१ महिन्यांच्या असताना आईला मुकल्या, वडील दूर पश्चिमेला निघून गेले, आणि त्या कॅव्हेंडिश गावात आजी-आजोबांच्या कडक शिस्तीत वाढल्या. मॅरिलाचे मिटलेले ओठ त्यांनी जवळून पाहिले असावेत, असा माझा तर्क आहे.

निमखार

चित्रपट मलाही आवडतो, पण सर्वांच्या आनंदात थोडे मीठ घालतो.

ॲन हुशार आहे. ती कविता तोंडपाठ म्हणते, परीक्षेत पहिली येते, मोठी शिष्यवृत्ती मिळवते, मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा जीव वाचवते, आणि सुरुवातीला नाक मुरडणारे सगळे गाव शेवटी तिचे कौतुक करते. मग माझा प्रश्न असा, की ती मंद असती, घुमी असती, अभ्यासात मागे पडली असती, तर ग्रीन गेबल्स हे तिचे घर झाले असते का? अनाथ मुलाच्या जवळजवळ प्रत्येक कौटुंबिक चित्रपटात त्या मुलाला आपली जागा कमवावी लागते. पोटच्या मुलाकडे आपण अशी गुणपत्रिका मागत नाही. निदान मागू नये, असे मानतो.

आडवळण

निमखार, आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे खोडता येईल असे मला वाटत नाही. एवढेच सुचवतो की क्रम पाहावा. मॅरिलाचा निर्णय होतो तेव्हा ॲनने काहीच मिळवलेले नसते. त्यानंतर तर ती लिंडबाईंना तोंडावर वाटेल ते बोलते, वर्गातल्या गिल्बर्टच्या डोक्यावर पाटी फोडते, सरबत समजून मैत्रिणीला मद्य पाजते. म्हणजे घरात राहू देण्याचा निर्णय आधी आणि उपद्व्याप नंतर. शिष्यवृत्ती फार पुढची, आणि मॅरिलाची दृष्टी जाऊ लागल्यावर ती ॲन स्वतःच सोडून देते.

मात्र जांभळ्या खड्याच्या ब्रोचचा प्रसंग तुमच्या बाजूने साक्ष देतो. ब्रोच सापडत नाही म्हटल्यावर मॅरिला मुलीवर चोरीचा संशय घेते, आणि सहलीला जायला मिळावे म्हणून मुलगी न केलेल्या चोरीची कबुली देते, तीही चांगली रंगवून. घरची मुलगी असती तर मॅरिलाने आधी, ब्रोच जिला अडकून बसला होता ती आपली शाल झटकून पाहिली असती.

पाणवठा

हा धागा मी दोन दिवस नुसती वाचत होते. आमची मुलगी अकरा महिन्यांची असताना घरी आली; आता ती नऊ वर्षांची आहे. आमच्या घरात ‘दत्तक’ हा शब्द लपवून ठेवलेला नाही, पण तो रोज उच्चारलाही जात नाही. वर्षातून एकदा ‘घरी आल्याचा दिवस’ म्हणून आम्ही तिच्या आवडीचे शिकरण-पोळीचे जेवण करतो, एवढेच.

निमखार यांचा मुद्दा मला रोज भेटतो, फक्त उलट्या दिशेने. ‘नशीबवान आहे हो पोर’ आणि ‘केवढे पुण्याचे काम केलेत’ ही दोन वाक्ये मी इतक्या लग्नकार्यांत ऐकली आहेत की आता समोरच्याचा श्वास कुठे थांबतो त्यावरून मला ती आधीच ओळखू येतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण मुलगी शेजारी उभी असते, हातात जिलबी असते, आणि आपण कुणाचे तरी पुण्य आहोत हे ती ऐकत असते. एकदा शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता करून आणायला सांगितले होते. तिने वडाचे झाड काढले, पारंब्यांसकट, आणि स्वतःचे नाव एका पारंबीवर लिहिले. बाईंनी ते ‘खोडावर हवे’ म्हणून तांबड्या पेनाने दुरुस्त केले. मी शाळेत जाऊन बोलले; पुढच्या वर्षीपासून तो तक्ता बंद झाला, एवढे त्यांचे श्रेय.

चित्रपटाविषयी मला सांगायचे आहे ते नात्याच्या नावाबद्दल. ॲन मॅरिलाला विचारते, मी तुम्हांला मावशी म्हणू का? तिला आयुष्यात कुणी आपले म्हणण्याजोगे मिळालेले नसते. मॅरिला साफ नकार देते : मी तुझी मावशी नव्हे, मला नुसते मॅरिला म्हण. हे मराठी कानांना किती कठोर वाटते पाहा. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी असतात, रिक्षावाले काका असतात. दारात आलेल्या मुलाला नाते न देता आत घेणे आपल्या भाषेला जमतच नाही. शिवाय मॅथ्यूला वडिलांच्या जागी धरले तर मॅरिला सरळसरळ आत्याच लागते! मी प्रथम पाहिले तेव्हा मला त्या बाईचा रागच आला होता. आता वाटते की तो नकार प्रामाणिक होता. जे नाते अजून झालेले नाही त्याचे नाव तिने उधार घेऊ दिले नाही. पुढे ते नाते झाले, तेव्हाही ‘मॅरिला’ हेच नाव राहिले, आणि त्याच तीन अक्षरांचा अर्थ बदलला. आमच्याकडे उलट झाले. ‘आई’ हा शब्द पहिल्या दिवशीच मिळाला, आणि तो माझ्या अंगाला नीट बसायला मला सहा-सात महिने लागले. हे तेव्हा मी कुणाजवळ बोलले नव्हते.

खालच्या_कोर्टातला

विषयांतर होणार नाही याची काळजी घेऊन कायद्याची बाजू मांडतो, कारण ‘मुलगा मागवला’ हे ऐकून आपल्याला पलीकडच्यांना हसायचा अधिकार नाही. आपल्या जुन्या शास्त्रात दत्तक म्हणजे पुत्रच. पिंड, वंश आणि मिळकत यांसाठी. बडोद्याच्या गादीसाठी १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळरावांना घेतले गेले आणि ते सयाजीराव झाले. कोल्हापूरच्या गादीसाठी १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव घेतले गेले आणि ते शाहू महाराज झाले. दोघेही थोर निघाले, पण निवड गादीची गरज म्हणून झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८७४ साली एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपला म्हणून घेतले, तो प्रकार अगदी निराळा. तरी तोही मुलगाच. सर्वसाधारण हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याची सोय झाली ती १९५६ च्या कायद्याने. आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या संमतीने का होईना, दत्तक घेता येऊ लागले ते २०१० च्या दुरुस्तीनंतर. अविवाहित मॅरिलाला मात्र १९५६ पासूनच अडचण आली नसती, ही गंमत.

आता आजच्या ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, नियमांत कथबर्ट भावंडे बसतात का, ते पाहू. अर्ज जोडप्याला किंवा एकट्या व्यक्तीला करता येतो. बहीण-भावाने मिळून करायची सोय नाही. मॅथ्यूने एकट्याने अर्ज करावा, तर एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. शिवाय कादंबरीत तो साठीचा आहे, आणि मोठ्या मुलासाठीही एकल पालकाची वयोमर्यादा ५५ आहे. हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण मिसेस ब्लूएटला अडवायचे तर जाळी बारीक ठेवावी लागते. तीत एखादा मॅथ्यूही अडकतो, त्याला इलाज नाही.

ग्रीन गेबल्समध्ये तसा कागद होतच नाही. ॲन शेवटपर्यंत शर्ली या आपल्या जन्माच्या आडनावानेच राहते.

कापडी_पिशवी

हे नाव मी आजच, या धाग्यासाठी घेतले आहे.

वयाच्या सहाव्या वर्षी मी आश्रमातून घरी आलो. आता पन्नाशीकडे झुकलो आहे. चित्रपटात ॲन स्थानकावर बसलेली असते तेव्हा तिच्याजवळ एक जुनी पिशवी असते. मॅथ्यू ती उचलायला जातो, तर ती देत नाही. विशिष्ट तऱ्हेने धरली नाही तर मूठ निघून येते, आणि ती युक्ती मला ठाऊक आहे, असे ती सांगते. माझ्याबरोबर हे पाहणारे सगळे त्या बडबडीला हसले. मी हसलो नाही. माझ्याकडेही तशी एक पिशवी होती. तिचा एक बंद तुटलेला असल्यामुळे मी ती पोटाशी धरून चालत असे. आत दोन सदरे, एक पाटी आणि एक फुटका भोवरा. पहिल्या रात्री माझ्या वडिलांनी ती खुंटीला टांगायला मागितली, मी दिली नाही. त्यांनी पुन्हा मागितली नाही. जवळजवळ दिवाळीपर्यंत ती माझ्या उशाशी होती, आणि एक दिवस मीच ती खुंटीला अडकवून खेळायला गेलो. आईने ते पाहिले असणार, पण कुणी काही बोलले नाही.

निमखार यांनी विचारले आहे की मूल घुमे असते तर काय झाले असते. मी घुमाच होतो, आठवीत नापासही झालो. घर होते तिथेच राहिले. पण तुमचा प्रश्न मला माझ्या लहानपणी रोज रात्री पडत असे, हेही खरे आहे, आणि तो पडू नये म्हणून आईवडिलांना काही करता आले असते असे मला वाटत नाही.

निमखार

कापडी_पिशवी, आपण लिहिलेत त्याबद्दल आभार. मी प्रश्न चित्रपटाला विचारला होता. उत्तर तिथून येणार नाही हे मला कळायला हवे होते.

ओसाकावरून

थोडक्यात एक भर. इथे जपानमध्ये ही ॲन घरातलीच समजली जाते. हानाको मुराओका यांचा जपानी अनुवाद १९५२ साली आला, युद्धात पोरक्या झालेल्या मुलांची पिढी तेव्हा शाळेत होती. १९७९ साली इसाओ ताकाहाता यांनी त्यावर ५० भागांची ॲनिमेशन मालिका केली. तिच्यात मॅथ्यूबरोबर स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास इतका सावकाश दाखवला आहे की कथानकाची वाट पाहणारा माणूस उठून जाईल. मला मात्र तो वेग ॲनच्या मनाचा वाटतो, कारण तेवढा रस्ता संपेपर्यंतच तिला ते घर आपले मानता येणार असते.

तळघरातला_ग्रंथपाल

मॅथ्यूविषयी कुणी लिहिलेच नाही! ती भूमिका करणाऱ्या रिचर्ड फार्न्सवर्थ यांनी उमेदीची कित्येक दशके हॉलिवुडमध्ये घोड्यांवरच्या साहसदृश्यांसाठी बदली कलाकार म्हणून काढली होती. लगाम धरलेले त्यांचे हात पाहिले की ते पटते. ॲनसाठी फुग्याच्या बाह्यांचा झगा घ्यायला गेलेला मॅथ्यू दुकानातल्या बाईंसमोर गोंधळतो, आणि कादंबरीत तर भर हिवाळ्यात बागेचे दाताळे आणि वीस पौंड तपकिरी साखर घेऊन घरी येतो. आमच्या वडिलांनी आईसाठी पहिली साडी घ्यायला जाऊन दोन पंचे आणले होते, त्याची आठवण झाली.

त्याच्या मृत्यूच्या प्रसंगात मात्र चित्रपटाने बदल केला आहे. कादंबरीत, डझनभर मुलग्यांपेक्षा मला तूच हवीस, हे तो आदल्या संध्याकाळी सहज बोलताना सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी बँक बुडाल्याची बातमी हातात असताना दारात कोसळतो. चित्रपटात तो शेतात पडतो आणि हे शब्द तिच्या मिठीत म्हणतो. रडू चित्रपटात जास्त येते, पण मी कादंबरीच्या बाजूचा आहे. अशी वाक्ये माणसे मरताना क्वचित बोलतात. गुरे बांधून झाल्यावर, दुसऱ्याच कामाच्या नादात बोलून जातात.

पाणवठा

काल मुलीबरोबर पहिला भाग पाहिला. मी उगाचच धास्तावले होते. अनाथाश्रमाच्या दृश्यात तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. पाटी फुटली तेव्हा मात्र इतकी हसली की तेवढे पुन्हा लावावे लागले, तीन वेळा.

मिसेस ब्लूएट येऊन गेल्यावर तिने विचारले, ‘निरोप बरोबर पोचला असता, तर तो मुलगा आला असता ना? मग तो आता कुठे आहे?’

मी इतकी वर्षे हा चित्रपट पाहते आहे, पण त्या मुलाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माहीत नाही, असे तिला सांगितले. ती म्हणाली, दुसऱ्या भागात येईल बहुतेक. तो भाग रविवारी पाहणार आहोत.